फिरतं पाकीट

माझ्या मुलीच्या सासरचे लोक आयर्लंडचे जमीनदार. म्हणजे होते. आता जमीन नाही, आणि हवेली शंभर वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी जाळली. बरं केलं. हे मी तनूच्या आजेसासूबाईंना, लेटिशियाबाईंना, लग्नाच्या जेवणातच ऐकवलं होतं. माझे आजोबा राजापूरकडच्या एका खोताचं कूळ. भात खळ्यावर आलं की खोताचा माणूस येऊन अर्धं उचलायचा, शिवाय घरच्या बायकांनी त्याच्याकडे फुकट राबायचं. त्यामुळे जमीनदार म्हटला की माझं डोकं फिरतं, गोरा असो की आपला.

बाईंनी घास गिळला आणि म्हणाल्या, "आमचे लोक तर स्वतः यायचेसुद्धा नाहीत. कारभारी पाठवायचे."

तेव्हापासून आमचं जमलं.

त्या घराण्यात एक रीत आहे. एक जाडजूड पाकीट पोस्टाने घरोघरी फिरतं. आपल्याकडे आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं जुनं पत्र काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि पुढच्या घरी पाठवायचं. केंब्रिजला लेटिशियाबाई, मग ब्रिस्टलला आम्ही, मग मिल्टन कीन्सला त्यांचा पुतण्या रोरी, आणि पुढे बाकीचे. कडक नियम एकच. ज्याचं पत्र त्यानेच काढायचं. म्हणून जो मेला त्याचं शेवटचं पत्र आतच राहतं आणि सगळ्यांबरोबर फिरत राहतं. बाईंचे यजमान कधीचे गेले, पण घोड्याच्या खुराबद्दलची त्यांची तक्रार अजून फिरतेय.

माझ्या नवऱ्याला, कमलाकरला, हे पाकीट फार आवडायचं. मी त्यात कधी एक ओळ लिहिली नाही. बसून पत्रं लिहायला वेळ कुणाला होता? ज्यांचं भात दुसरे झोडत होते त्यांना. कमलाकर म्हणायचा, "तू राग धर, मी पेन धरतो."

मार्चमध्ये त्याने नवं पत्र लिहून पाकिटात घातलं. पाकीट पोस्टात टाकायच्या आधीच तो गेला.

सगळं आटोपल्यावर मी पाकीट उघडलं, त्याचं पत्र काढलं, कार्डिगनच्या खिशात ठेवलं आणि बाकीचं पुडकं रोरीला पाठवून दिलं. चोरी म्हणा. मला काही वाटलं नाही. त्याचं अक्षर होतं ते, आणि त्यात सगळं माझ्याबद्दल होतं.

कमलाकरने नवं पत्र घातल्याचं रोरीला फोनवर सांगितलेलं होतं. पाकिटात ते नाही म्हटल्यावर त्याने काकूंना, लेटिशियाबाईंना, कळवलं. पुढच्याच शनिवारी लेटिशियाबाई काठी टेकत आमच्या दारात. वय एकोणनव्वद, केंब्रिजहून एकट्या, लंडनला गाडी बदलून. तनूने स्टेशनवरून आणलं होतं.

"चहा टाकते," मी म्हटलं.

"आधी भांडू. चहा नंतर," बाई म्हणाल्या. "वरदा, ते पत्र पाकिटातलं आहे."

"ते माझ्या नवऱ्याचं आहे. दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपली म्हणायची तुमच्या घराण्याला सवयच आहे."

"आई, डोन्ट!" तनू ओरडली. "ते पत्र देऊन टाक ना त्यांना. शी इज एटी-नाइन!"

"मग? मी काय कोवळी आहे?"

बाई शांतपणे खुर्चीत बसल्या. "सवय आहे खरी. त्या सवयीपायी घर जळलं आमचं. पण आज पाकिटात कमलाकर कुठेच नाही, वरदा. जुनं पत्र त्याने काढलं, नवं तुम्ही. माझ्यापर्यंत पाकीट फिरून येईल तेव्हा मी असेन की नसेन. एकदा वाचून तरी दाखवा. मग ठेवा तुमच्याकडे."

एवढं ऐकल्यावर नाही कसं म्हणणार? मी खिशातून कागद काढला. मला पाठच होता.

कमलाकरने लिहिलं होतं की रोरीकडे जाताना मिल्टन कीन्सच्या गोल चौकांवर मी साटनॅवमधल्या, रस्ता सांगणाऱ्या बाईशी भांडले आणि शेवटी तिची आई काढली. लेटिशियाबाई खुदकन हसल्या. कोल्ह्याने माझी मेथी उकरली म्हणून मी कौन्सिलच्या माणसाला फोनवर झापलं आणि त्याने कोल्ह्याच्या वतीने माफी मागितली. बाईंनी काठी आपटली. मग शेवट आला. तो मला कधी धड वाचता आला नव्हता. "डॉक्टरांनी माझं काय ते सांगितलं. वरदा एक शब्द बोलली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वाद मी जिंकला की काय, म्हणून मी घाबरलो."

बाई मोठ्याने हसल्या. डोळे पुसत हसत राहिल्या.

"हसताय काय?" मी भडकले. "मरणाचं लिहिलंय त्याने!"

"हसावं म्हणूनच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "आमच्यासाठी. तुम्हाला सांगायचं असतं तर त्याने स्वयंपाकघरात येऊन सांगितलं असतं."

पत्र माझ्याबद्दल होतं, पण मला नव्हतं. माझ्या खिशात ते कुणालाच हसवत नव्हतं. मी एकटी वाचायची आणि रडायची, आणि रडण्यासाठी त्याने आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती.

मी घडी घालून पत्र बाईंच्या पर्सवर ठेवलं. "रोरीला पाठवा आणि पाकिटात घाल म्हणावं. हरवलं तर तुमच्या घराण्याचं उरलंसुरलं मी जाळीन."

"आता उरलंय काय?" बाई म्हणाल्या. "मी आणि एक चहादाणी. चहा टाका."

चार दिवस मी कळ काढली. मग रोरीला फोन लावला.

"पत्र आलं?"

"आलं, वरदा. थँक यू. आय ॲम सो सॉरी."

"सॉरी राहू दे. हसलास की नाही?"

तो हळूच म्हणाला, "नाही. गाडीत बसून वाचलं. रडू आलं."

"चुकीचं वाचलंस. घे ते हातात, मोठ्याने वाच. मी ऐकते."

बिचाऱ्याने वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीपाशी मात्र अडलाच. डॉक्टरांचं नाव घेऊन थांबला. पुढचं मीच त्याला सांगायला गेले, आणि अर्ध्यातच मला हसू फुटलं.