पाठ नसलेली खुर्ची वाईला जाते

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची. मला पाठ नाही. टेकायला आलेली माणसं आधी दचकतात, मग हसतात. मला त्याची सवय आहे.

पूर्वी मला पाठ होती आणि माझी घडीही होत असे. सौदी अरेबियातल्या ताइफ शहरातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये मी कामाला होते. हॉलवाल्यांनी जुन्या खुर्च्या काढून टाकल्या, तेव्हा हुसेनमियाँ मला घरी घेऊन आले. ते मूळचे रत्नागिरीकडचे आणि इथे वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. त्यांच्या बायकोचे, नूरुन्निसाआपांचे, गुडघे वाकत नसत. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून त्या खुर्चीवर बसून योगासनं करायच्या. व्हिडिओतल्या खुर्चीला पाठ नव्हती, म्हणून हुसेनमियाँनी ग्राइंडर लावून माझी पाठ कापली. दुखलं का, ते विचारू नका.

पण कापून झाल्यावर त्यांनाच काळजी लागली.

"अगो, ही मधेच मिटली आणि तू आपटलीस तर?" असं म्हणून त्यांनी माझे सांधे वेल्डिंगने पक्के करून टाकले. "आता हत्ती बसला तरी हलायची नाही."

"म्हणजे मी हत्ती?" आपांनी विचारलं. हुसेनमियाँ चहा आणायला निघून गेले.

हळूहळू इमारतीतल्या बायकाही सकाळी येऊ लागल्या. हात वर, हात खाली, मधे भरपूर गप्पा. एकदा खालच्या मजल्यावरच्या उम्म फहद म्हणाल्या, "माझी कंबर फार धरलीय. हे आसन मी करू का?" आपांनी मोबाईलकडे पाहिलं. मोबाईलमधली बाई हसत हसत पुढच्या आसनाकडे गेली होती. "मलाच माहीत नाही," म्हणत आपांनी मोबाईल बंद केला. त्या दिवशी वर्ग लवकर संपला.

"मी भारतात जाऊन योग शिकणार," आपांनी जेवताना जाहीर केलं. "वाईजवळ एक शाळा आहे. महिनाभर राहायचं."

"लोक तिकडून इकडे पोटासाठी येतात, आणि तू इथून तिकडे पाय वर करायला निघालीस?"

"पाय वर करायला नाही. कुणी करू नयेत, ते शिकायला."

"आणि तिकडे पडलीस तर?"

"म्हणून तर खुर्ची नेते."

"ती मिटत नाही. विमानात कशी घेतील?"

"तुम्हीच मिटू दिली नाही, अहो."

पुढच्या जुम्म्याला नमाजानंतर हुसेनमियाँ मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. स्वतः केलेलं वेल्डिंग त्यांनी स्वतःच कापलं, सांध्यांना तेल दिलं, खाली नवे रबरी बूट बसवले. मग मला जुन्या चादरीत गुंडाळत म्हणाले, "जा, पण सांभाळून." हे मला उद्देशून होतं की घरी असलेल्या आपांना, ते मला अजून कळलेलं नाही.

वाईच्या त्या शाळेत सगळे तरुण होते. कुणी डोक्यावर उभे, कुणी हातांवर. शिकवणाऱ्या ममताताईंनी विचारलं, "नूरताई, मांडी घालता येत नाही?"

"येत असती तर हिला विमानाने आणली नसती," आपा म्हणाल्या. सगळा वर्ग हसला आणि त्या दिवसापासून आपा 'खुर्चीवाल्या काकू' झाल्या. रात्री मात्र त्या गुडघ्यांना तेल चोळत पुटपुटायच्या, "नापास झाले तर कुठल्या तोंडाने परत जाऊ?"

शेवटी प्रत्येकाने गावातल्या बायकांचा एक वर्ग घ्यायचा, अशी परीक्षा होती. आपांच्या वर्गात तुळसाबाई नावाच्या आजी आल्या, कंबरेवर हात ठेवून. "मला जमंल का हे?" त्यांनी विचारलं. मोबाईल कुठेच नव्हता. आपांनी त्यांना माझ्यावर बसवलं, पाठीवरून हळूच हात फिरवला. "आज वाकायचं नाही. नुसता श्वास घ्या, आणि कुठे दुखतं ते मला सांगा." तुळसाबाई सांगत राहिल्या, आपा ऐकत राहिल्या. वेळ संपला तरी ममताताईंनी थांबवलं नाही.

आपा पास झाल्या. ताइफला परत आल्यावर सकाळचा वर्ग एवढा वाढला की दिवाणखान्यातला सोफा गच्चीवर गेला.

गेल्या हिवाळ्यात आपा वारल्या.

त्यानंतर मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं गेलं. माझ्यावर तांदळाची गोणी आली. त्यांची लेक सानिया माझ्याकडे बघायचं टाळत असे. अब्बांनी आपांचा विषय काढला की म्हणायची, "अब्बा, प्लीज, आज नको." माझ्या पायांना गंज चढू लागला.

एके दिवशी उम्म फहद चार बायकांना घेऊन आल्या. "क्लास खलास?"

"खाला, मला काही येत नाही."

"तुझ्या आईला तरी कुठे येत होतं? शिकायला जा. आम्ही थांबतो. यल्ला, चल लवकर!"

सानियाने गोणी उचलून खाली ठेवली आणि ओल्या फडक्याने मला पुसायला घेतलं. हुसेनमियाँ दारातून बघत होते. "वाईला थंडी असते, स्वेटर घे," एवढंच म्हणाले.

आज आम्ही जेद्दाच्या विमानतळावर आहोत. रांग लांबलचक आहे. मघाशी सानियाने चादर सोडून मला उघडलं आणि ती माझ्यावर बसली. लोक बघत होते, ती खुशाल बसली होती. मग मागच्या एका म्हाताऱ्या बाई बारीक आवाजात म्हणाल्या, "बेटी, थोडा बैठ जाऊँ?" सानिया लगेच उठली. रांग सरकली की ती बाईंना हाताला धरून उठवते, मला चार पावलं पुढे ठेवते आणि पुन्हा बसवते. एकदा तर पुढचा माणूसही माझं एक टोक उचलायला आला.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू कोपऱ्यात जपून ठेवू नका. त्यांचा गंज पुसा, तेल द्या, वापरा. आणि रांगेत कुणी थकलेलं दिसलं, तर आधी त्याला बसू द्या. मला फक्त एवढंच हवं असतं.