फेट्याचा पुरावा

कासार आंबोलीत बंगल्यांसाठी जमिनी विकल्या जाऊ लागल्या, तशी घरोघरी भावाबहिणींची बोलणी बंद झाली. आमच्या सासरच्या मंडळींनी मात्र जमिनीची वाट पाहिली नाही. त्यांनी ते काम एका फेट्यावरच उरकून घेतलं होतं.

१९९८ साली माझ्या नणंदेचं, सुलक्षणाचं लग्न झालं. मांडवात मानाच्या पाहुण्यांना फेटे बांधले गेले. त्यात घरचे जावईच राहून गेले, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बहिणीचे, उषाआत्यांचे यजमान नरहरीमामा. असं उषाआत्यांचं म्हणणं. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे तात्या म्हणतात, ते छातीवर हात मारून सांगायचे, "मी सोता बांधला फेटा. ह्या हातानं."

आत्या राहायच्या उरवड्यात. सायकलवर सहज जाता येईल एवढंच अंतर, पण अकरा वर्षं कुणी गेलं नाही. दोन वर्षांपूर्वी नरहरीमामा वारले, तेव्हा तात्या निघाले खरे, पण आत्यांच्या घरात पाऊल न टाकताच परत आले. का, तर बोलावणं आलं नव्हतं. मयताचं बोलावणं कधीपासून पाठवायला लागले, हे विचारायची नव्या सुनेची काय टाप!

माझा नवरा मनीष हिंजवडीतल्या कंपनीत कामाला. जगातली सगळी भांडणं केवळ कुणी डेटा नीट पाहिला नाही म्हणून होतात, अशी त्याची श्रद्धा. एके दिवशी तो कॉम्प्युटरला लावायचं एक कार्ड आणि लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरींचं भेंडोळं घेऊन आला.

"लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतो. फेटा बांधला की नाही, स्क्रीनवर दिसेल. विषय संपला."

अकरा वर्षांचा विषय एका रविवारात संपणार म्हटल्यावर मीही चहा टाकला.

कॅसेट कपाटात स्वेटरांखाली सापडली. मुळशीच्या ओलीनं तिच्यावर बुरशीही आली होती. ती पुसता आली, पण आमचा व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता. मग मनीष पिरंगुटला फारूकभाईंकडे गेला. लग्नाचं शूटिंग त्यांनीच केलं होतं. त्यांनी आपला जुना व्हीसीआर काढून दिला, आणि जरा ओशाळून म्हणाले, "तवा मिक्सिंगचं मशीन नवं हुतं. थोडी जास्तच कलाकारी झालीया. सांभाळून घ्या."

खोटं नव्हतं. सुलक्षणा गुलाबाच्या पाकळीतून बाहेर यायची, बदामाच्या आकारात गिरक्या घ्यायची आणि हंस होऊन उडून जायची. नवरदेवाचं तोंड तर बराच वेळ कमळातच अडकलं होतं.

मनीषला वाटलं होतं, गाणी कॉपी करतात तशी कॅसेट झटक्यात कॉपी होईल. पण तीन तासांच्या लग्नाला तीनच तास लागतात, मग कॉम्प्युटर कितीही नवा असो. पहिल्या रविवारी ऐन मंगलाष्टकांत लाइट गेली. दुसऱ्या रविवारी कन्यादानापाशी कॉम्प्युटर हँग झाला. दर वेळी लग्न पहिल्यापासून. आणि दर वेळी माझ्या सासूबाई शारदाबाई पुढ्यात बसून हळद लागताना त्याच ठिकाणी तितक्याच मनापासून रडायच्या. तिसऱ्या वेळेला मनीषनं कुणाचा तरी इन्व्हर्टर आणला आणि एकदाची फाइल झाली.

फेट्याचा भाग आला की मात्र तो दर वेळी स्क्रीन आणि आवाज बंद करायचा; तेवढा त्यानं कुणाला बघू दिला नाही, स्वतःही बघितला नाही. "दोन्ही पक्ष हजर पाहिजेत," म्हणाला. इंजिनीअर झाला नसता तर न्यायाधीश झाला असता, आणि तिथंही कुणी ऐकलं नसतं.

सासूबाईंनी आत्यांना फोन केला. "पुरावा निघालाय म्हनं," एवढंच सांगितलं. लग्नकार्याला, बारशाला न आलेल्या आत्या पुराव्याला मात्र तासाभरात आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. पाण्याला हात लावला नाही. तात्या दुसऱ्या भिंतीकडे बघत बसले.

मनीषनं फाइल लावली. फेट्यांच्या वेळी फारूकभाईंनी गाणी बंद ठेवली होती, प्रत्येकाला आपलं नाव ऐकू यावं म्हणून. माइकवर गावातले बंडोपंत होते. एकेका पाहुण्याचं नाव घ्यायच्या आधी ते त्याची कीर्ती सांगत, त्यामुळे लग्नाचा मुहूर्त कसा साधला हे देवच जाणे.

"उरवड्याचे आपले जावई, नरहरीराव! त्यांनी मांडवात यावं."

कुणी आलं नाही. बंडोपंतांनी पुन्हा पुकारलं. पडद्यावर काळ्या केसांचे तात्या फेटा हातात धरून घामाघूम उभे होते. तिसऱ्यांदा पुकारा झाला. तेवढ्यात फारूकभाई कंटाळले असावेत. कॅमेरा हळूहळू उजवीकडे वळला, मांडवाबाहेर गेला, आचाऱ्याच्या चुलाणामागं पोचला. तिथं पातेल्यांच्या आडोशाला चौघांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. त्यातल्या एकानं माइककडे न बघताच हात वर केला, थांबा जरा, असा. मग खाडकन पान आपटलं आणि तोंडभर हसला.

नरहरीमामा.

लगेच त्यांच्यावरून एक बदाम फिरत गेला. पुन्हा मांडव दिसला, तोवर तात्यांनी तो फेटा पुढच्या पाहुण्याच्या डोक्याला बांधलाही होता.

मनीषनं ऐटीत चित्र थांबवलं. "म्हणजे दोघांचंही चुकलं होतं."

त्याचे आभार कुणी मानले नाहीत.

"घरच्या जावयाला माइकवरनं बोलवत्यात व्हय?" आत्या म्हणाल्या. "माणूस पाठवाय काय झालतं?"

"अगं, आख्खं गाव ऐकत हुतं! दाजीच उठलं न्हाईत."

"पान चांगलं आलं असंल हातात. आन् तू? ह्या हातानं बांधला म्हणून आख्ख्या मुलखात सांगत हुतास!"

"लगीनघाईत… मला वाटलं बांधला," तात्या पुटपुटले.

मनीष दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. पुरावा समोर असताना माणसं भांडतात कशी, हे त्याच्या कंपनीनं शिकवलं नव्हतं.

"मनीष, ते परत लाव," आत्या म्हणाल्या.

त्यानं पुकारा लावला.

"फेटा न्हाई रं बाबा. त्यांचं लाव. हसत्यात ते."

त्यानं लावलं. मग आणखी एकदा. आत्यांच्या घरी मामांचा एकच फोटो, कंपनीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात ते नुकतेच चोरीत सापडल्यासारखे दिसतात. इथं ते हलत होते, पान आपटत होते, हसत होते.

"घरी येऊन मला म्हनले, मला कुणी इचारलं बी न्हाई," आत्या म्हणाल्या. "लबाड कुठला." त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

तात्या उठून स्क्रीनजवळ आले. बराच वेळ वाकून बघत राहिले.

"मी आलतो उषे," ते वळून न बघता म्हणाले. "दाजींच्या मयताला. वढ्यापाशी हुबा हुतो."

"बघितलं मी."

"मग हाक मारायची न्हाईस?"

"तू मारायचीस."

त्यावर कुणाकडेच पुरावा नव्हता. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. या वेळी आत्यांनी घेतला.

मनीषनं हौसेनं अख्ख्या लग्नाच्या सीडी करून ठेवल्या होत्या, वर सोनेरी अक्षरांत नाव छापून. आत्यांनी त्या परत केल्या. त्यांना फक्त पत्त्यांचा तुकडा हवा होता. मनीषनं मुकाट्यानं तेवढाच कापून दिला.

आत्यांच्या घरी सीडी लावायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी आमचाच डीव्हीडी प्लेअर पिशवीत घातला, आम्हाला न विचारता, आणि गाडीला किक मारली. सकाळी गेलेला माणूस दिवेलागणीला परत आला.

"एवढा वेळ?" सासूबाईंनी विचारलं.

"वायरी कुटं लावायच्या कळंना," तात्या चपला काढत म्हणाले. "आन् जेवल्याबिगर सोडंना. भाकरी अजून तशीच थापती, जाडजूड. दात हाललं माझं."

मग म्हणाले, "बुधवारी परत बोलावलंय."