मार्लोच्या दारापर्यंत

थोरल्या वांडाचं लग्न ऐन नोव्हेंबरातल्या शनिवारी लागलं, ते साल एकोणीसशे एकोणऐंशी. अलाबामात त्या दिवसांत शनिवार म्हणजे विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांचा वार, शनिवारी कुणी लग्न काढत नाही. मयतसुद्धा जमलं तर रविवारवर ढकलतात. पण नवरामुलगा नौदलातला, सोमवारी त्याला जहाजावर हजर व्हायचं होतं, इलाज नव्हता. हॉलिस प्रुएट लेकीचा हात धरून चर्चमधून चालत गेला तेव्हा त्याच्या खिशात छोटा रेडिओ होता आणि त्याची वायर कॉलरमधून वर कानात गेलेली होती. शपथा झाल्या, तसं पाद्रीबाबांनी वाकून हळूच विचारलं, "किती झाले?"

"सतरा-दहा. आपण पुढं."

पाद्रीबाबांचा चेहरा खुलला आणि त्यांनी आशीर्वाद दिला. तो नवरानवरीला होता की वेदरलीच्या टीमला, यावर गावात पुष्कळ दिवस वाद चालला.

'आपण' म्हणजे वेदरली विद्यापीठ. हॉलिस तिथं कधी शिकला नव्हता. आठवीतून निघून तो सूतगिरणीत लागला आणि मागांची दुरुस्ती करत राहिला. गिरणीतले सोबती चिडवायचे, "हॉलिस, वेदरलीला तू कुठल्या वर्गात होतास रे?"

"तिकिटाच्या रांगेत," तो म्हणायचा. "पहिला नंबर माझा."

वेदरलीच्या मैदानाच्या बरोबर मधोमध, सतराव्या रांगेत, त्याच्या दोन राखीव जागा होत्या. बाप एल्मर प्रुएटकडून आलेल्या. त्या जागांबरोबर एल्मरची शपथही आली होती. हॉलिस बारा वर्षांचा असताना बापलेक मार्लोला गेले होते, हिरव्या सदऱ्यांच्या त्या दुसऱ्या विद्यापीठात, त्यांच्या मैदानावर. शेवटच्या क्षणी वेदरली हरली, आणि वरच्या रांगेतून कुणीतरी एल्मरच्या हॅटमध्ये थंड कोला ओतला. परत येताना एल्मरनं ती ओली हॅट वाटभर हातात धरली होती. घराच्या पायऱ्यांवर त्यानं सांगितलं, "प्रुएटांपैकी कुणी त्या मैदानात पुन्हा पाय ठेवायचा नाही." बाप गेला, पण शब्द राहिला. एक वर्षाआड सामना मार्लोला असायचा, तेव्हा हॉलिस ओसरीवर रेडिओ लावून बसायचा.

दुसऱ्या जागेवर, सहा वर्षांची झाल्यापासून, धाकटी जेनेल बसायची. लांबट चेंडू छातीशी धरून पोरगा कुठल्या बाजूनं पळणार, हे तिला आधी कळायचं. "डावीकडून जाणार, डॅडी," ती म्हणायची, आणि तो डावीकडूनच जायचा. हॉलिस शेजाऱ्याला कोपरानं ढोसायचा, "बघितलंस? माझी आहे ती."

वांडाच्या लग्नानंतरच्या वसंतात जेनेलला वेदरलीत प्रवेश मिळाला. घरातलं विद्यापीठाची पायरी चढणारं ते पहिलंच माणूस. पण गिरणी तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस चालायची. त्याच महिन्यात मोटारी विकणारा ब्युफर्ड स्टाइल्स घरी आला, ओसरीवर बसून थंड गोड चहा प्याला आणि म्हणाला, "मिस्टर हॉलिस, त्या दोन जागा माझ्या नावावर करा. पोरीच्या पहिल्या वर्षाची फी मी भरतो."

हॉलिस हसला. "त्यापेक्षा माझी किडनी घे."

"किडनीवरून मैदान दिसत नाही हो."

ब्युफर्ड गेल्यावर ऑपल, हॉलिसची बायको, भेंडी चिरता चिरता म्हणाली, "लाकडी फळीवर रंगवलेले दोन आकडे आहेत ते, हॉलिस."

"एकदा सोडल्या की परत मिळत नाहीत. माणसं मरेपर्यंत रांगेत उभी असतात."

"आणि जेनेलचं वर्ष?"

"पुढच्या वर्षी बघू. गिरणी सुरळीत होईल."

जेनेल आत स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. तिनं सगळं ऐकलं आणि ताटं पुसून जागेवर लावली.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिनं सांगितलं, "मला मार्लोला काम मिळालंय. फी माफ, राहायला खोली."

हॉलिसचा काटा हातातच राहिला. "मार्लो? या घरातून मार्लोला?"

"वेदरलीलाही विचारलं होतं मी, डॅडी. तिथं काम शिल्लक नव्हतं."

"काय काम देणार आहेत?"

"टीमचे कपडे धुवायचे."

"तू त्यांच्या चड्ड्या धुणार?"

"चड्ड्या सगळीकडे सारख्याच असतात. तुमच्याही मीच धुते." ऑपल फिसकन हसली. जेनेल म्हणाली, "मी त्यांचे कपडे धुणार आहे, डॅडी. त्यांची गाणी नाही गाणार."

हॉलिस उठून ओसरीवर गेला. खरं कारण काय ते त्याला माहीत होतं, आणि म्हणूनच त्याला राग जास्त आला. ब्युफर्डचं नाव त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

जेनेलला बसनं सोडायला ऑपल गेली. त्या शरदात तिच्या जागेवर हॉलिसनं आपला कोट ठेवला. शेजाऱ्यानं विचारलं, "लेक कुठंय?" हॉलिस म्हणाला, "सर्दी झालीय." पुढं पाच वर्षं तिला सर्दीच होती.

काम सोपं नव्हतं. तिची खोली मार्लोच्या मैदानाच्या पायऱ्यांखाली, एका बाजूला तिरपं छत असलेली. उजाडायच्या आत यंत्रं लावायची, मग वर्ग, दुपारी सराव संपला की पुन्हा घामेजलेल्या कपड्यांचा ढीग. सामन्याच्या दिवशी डोक्यावर हजारो माणसं पाय आपटत असायची आणि ती खाली टॉवेलांच्या घड्या घालत असायची. खेळ तिला दिसत नसे. तिचे हात ब्लीचनं फाटले, बोटांची पेरं लाल झाली. चार वर्षांचा अभ्यास तिनं पाच वर्षांत केला, कारण एका वर्षी कामामुळं अर्धेच विषय घेता आले.

ती सुट्टीत घरी यायची तेव्हा हॉलिस बोलायचा, पण हवेबद्दल, गाडीच्या टायरबद्दल, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल. एकदा त्यानं तिचे हात बघितले आणि उठून आपल्या गिरणीच्या डब्यातलं मलम आणून टेबलावर ठेवलं. "हे लाव," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या वर्षीच्या नाताळात तिनं त्याच्यासाठी एक पुडकं आणलं. आत वेदरलीचा पिवळा सदरा होता, खरा, खेळाडूच्या अंगावरचा. त्या शरदात वेदरली मार्लोला खेळायला आली होती. त्यांच्यातल्या एकाचा सदरा खांद्यावर फाटला, तसा त्यांनी तो टाकून दिला. जेनेलनं उचलला, गवताचे डाग काढले, खांदा इतका बारीक रफू केला की हात फिरवल्यावाचून कळू नये. हॉलिसनं तो बराच वेळ बोटांनी चाचपला. गिरणीतला माणूस, टाका कसा आहे ते त्याला कळत होतं. टाका उत्तम होता.

"कुठं धुतलास?" त्यानं विचारलं.

"कुठं म्हणजे? तिथंच."

"त्यांच्या पाण्यात?"

"डॅडी, पाणी नदीचंच असतं."

त्यानं सदऱ्याची घडी घातली आणि तो परत पुडक्यात ठेवला. "छान आहे," म्हणाला. पण घातला नाही. ऑपल त्या रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपली. जेनेल दुसऱ्या दिवशी, ठरलं होतं त्याच्या आधीच, परत गेली. हॉलिसनं सदरा ट्रकच्या बाकामागं ठेवला. फेकवेना आणि घालवेना.

पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात जेनेलला पदवी मिळायची होती. मार्लोत पदव्या मैदानातच देतात. मुलं गवतावर खुर्च्यांत बसतात आणि घरची माणसं पायऱ्यांवर. ऑपलनं आठवडाभर आधी निळा झगा इस्त्री करून टांगला. वांडा आणि तिचा नवरा न्यायला येणार होते.

"गाडीत जागा आहे," ऑपल म्हणाली.

"तलावावर मासे लागतायत म्हणे."

"हॉलिस, त्या दिवशी तिथं चेंडूच नसणार आहे."

"मैदान तेच असणार ना."

पदवीच्या दिवशी सकाळी जाताना ऑपलनं फक्त त्याची कॉलर सरळ केली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तसा हॉलिस गळ घेऊन ट्रकमध्ये बसला. तलावाचा फाटा आला, आणि तो सरळ गेला. आपण कुठं चाललोय हे त्यानं स्वतःलाही स्पष्ट सांगितलं नाही. मार्लो गाव आलं. मैदानाच्या मागच्या बाजूला गाड्या लावायची जागा होती. तिथं हिरवी टोपी घातलेला एक म्हातारा खुर्ची टाकून उकडलेल्या शेंगा खात बसला होता. हॉलिसच्या ट्रकच्या मागच्या काचेवर वेदरलीच्या टीमची खूण, पिवळा बैल, चिकटवलेला होता.

म्हाताऱ्यानं बैल बघितला. "वाट चुकलात का, भाऊ?"

"नाही."

"मग धाडसी आहात. सामन्याच्या दिवशी या बैलाला मी शिंगं धरून परत पाठवतो. आज सुट्टी आहे, लावा तिकडं." हॉलिसनं गाडी लावली, पण उतरला नाही. थोड्या वेळानं म्हातारा शेंगांची कागदी पिशवी घेऊन खिडकीशी आला. "घ्या. शेंगा कुणाच्या बाजूच्या नसतात."

हॉलिसनं घेतल्या.

"आत कोण आहे तुमचं?"

"लेक. धाकटी."

"अहो मग इथं काय करताय? नाव काय?"

"प्रुएट."

म्हाताऱ्यानं कान दिला. भोंग्यातून नावं ऐकू येत होती. "अजून एम अक्षराची नावं चाललीयत. चला, पळा."

हॉलिस उतरला. बाकामागचा पिवळा सदरा त्याच्या हातात कधी आला ते त्याला कळलं नाही. चालत तो दारापर्यंत गेला. लोखंडी दार सताड उघडं होतं, कुणी तिकीट विचारणारं नव्हतं. पुढं पायऱ्यांखालून जाणारा अंधारा बोळ, आणि त्याच्या टोकाला चौकोनी उजेडात हिरवं गवत. बोळाच्या भिंतीत एक छोटं दार होतं आणि त्यावर 'धुलाई' असं रंगवलेलं होतं. तिथून ब्लीचचा वास येत होता. पाच वर्षं ती सुट्टीत आली की तोच वास घरात यायचा.

त्याला वाटलं, जावं. पाय उचललाही. आणि घराच्या पायऱ्यांवर ओली हॅट हातात धरून उभा असलेला बाप त्याच्या डोळ्यांपुढं आला. माणूस मरून पंधरा वर्षं झाली होती. तरी हॉलिसचा पाय होता तिथंच उतरला, उंबऱ्याच्या अलीकडं.

"जेनेल मे प्रुएट," भोंगा म्हणाला.

मग शिट्टी ऐकू आली, दोन बोटं तोंडात घालून मारलेली. पोरींना संध्याकाळी घरी बोलवायला ऑपल तशी शिट्टी मारायची, मैदानावरही मारायची. तीन सेकंद ती शिट्टी त्या सगळ्या गर्दीच्या वर राहिली. लगेच पुढचं नाव आलं.

हॉलिस परत फिरला. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं आणि टोपी मागं सारली. "आत गेला असतात तर गवतानं चावलं नसतं तुम्हाला."

"माहीत आहे," हॉलिस म्हणाला.

तो त्यांच्या आधी घरी पोचला. गळ दाराशी टेकवला.

"काही लागलं?" ऑपलनं आल्यावर विचारलं.

"नाही."

दुसऱ्या दिवशी ऑपलनं ट्रक झाडला. बाकाखालून शेंगांची टरफलं निघाली. तलावावर उकडलेल्या शेंगा कुणी विकत नाही. ती ओसरीवर आली, केरसुणी हातात, त्याच्याकडं बघत थोडी थांबली आणि आत गेली. तिनं विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, असं त्याला पुढं कैकदा वाटलं.

जेनेलला का सांगितलं नाही? तो रोज सांगणार होता. पण मनात वाक्य जुळवलं की ते पुढं सरकत नसे. बाप आलाच नाही, याची तिला सवय झाली होती. तो दारापर्यंत आला, दार उघडं होतं, आणि तरी आत आला नाही, हे ऐकून ती काय म्हणेल? न येण्याला निदान मासे तरी होते. याला काहीच नव्हतं.

जेनेल शाळेत गणित शिकवू लागली, दोन तासांच्या अंतरावरच्या गावात. दर रविवारी फोन करायची. शनिवारी कधी नाही. एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात ऑपल गेली. टरफलं बघितलेलं एकुलतं एक माणूस गेलं. त्याच वर्षी हॉलिसनं त्या दोन जागा सोडून दिल्या. एका कोटाशेजारी बसून सामना बघायचा त्याला कंटाळा आला होता. ब्युफर्डच्या मुलानं घेतल्या.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात हॉलिसला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली आणि बोलण्यात काळवेळाची सरमिसळ होऊ लागली. मेलेल्या माणसांना तो जेवायला बोलवायचा. जेनेल शाळेतून रजा काढून आली. त्याचे सदरे, चादरी ती हातानं धुवायची. एका दुपारी ती खाटेशी बसून घड्या घालत होती, तेव्हा त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"मी आलो होतो."

"कुठं, डॅडी?"

"मार्लोला. दारापर्यंत. तुझं नाव ऐकलं. ममानं शिट्टी मारली."

जेनेलचे हात थांबले. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. त्याला वाटलं, पोचलं.

"हिरव्या टोपीचा म्हातारा होता," तो घाईनं म्हणाला. "शेंगा दिल्या त्यानं. एल्मर पायऱ्यांवर उभा होता. हॅट ओली. त्यानं जाऊ दिलं नाही."

एल्मरचं नाव आलं तसे तिचे डोळे मऊ झाले. सकाळीच त्यानं एल्मरसाठी कॉफी मागितली होती. तिनं त्याचा हात हलकेच सोडवला आणि पांघरुणाखाली ठेवला.

"हो डॅडी," ती म्हणाली, आजाऱ्याशी बोलतात त्या आवाजात. "आला होतात तुम्ही. झोपा आता."

त्यानं आणखी सांगायचा प्रयत्न केला, ब्लीचचा वास, भिंतीतलं छोटं दार. पण शब्द जिभेवर यायच्या आत फुटत होते. जेनेलनं खिडकीचा पडदा ओढला आणि चादरींची चळत उचलून ती बाहेर गेली.

हॉलिस एल्मर प्रुएट एकोणीसशे चौऱ्याण्णव सालच्या ऑक्टोबरच्या अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी, आपल्या घरी वारला.