एलियावचा परतावा

शुक्रवारी सकाळी माझी नणंद होदाया लॅपटॉप घेऊन आली आणि आमच्या घरात कोणी जागेवर ठरेना. माझा नवरा एलियाव सूर्यफुलाच्या बिया फोडत खिडकीपर्यंत जाई, परत येई, खुर्चीवर टेकला न टेकला की पुन्हा उठे. मी संध्याकाळी लागणाऱ्या शब्बातच्या माशाला लाल मिरची लावत होते आणि हात तिखटाचे असल्याचं विसरून दोनदा डोळा चोळला.

होदाया बीरशेवाला कर परत मिळवून देणाऱ्या एका कंपनीत आहे. परक्यांकडून त्यांची कंपनी टक्के घेते, भावाचं काम ती चहावर करणार होती. डिसेंबर संपत आला होता. महिना उलटला की सहा वर्षांपूर्वीच्या वर्षाचा कर परत मागायचं दार कायमचं बंद होतं, म्हणून तिची घाई. एलियाव दिवसा सोड्याच्या कारखान्यात आणि आठवड्यातून तीन रात्री लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी. दोन नोकऱ्या असल्या की कर कचेरीत जाऊन तसं सांगायचं असतं, नाहीतर दुसऱ्या पगारातला जवळजवळ अर्धा भाग कापून घेतात. साहेब गेले नाहीत. रांगेत उभं राहायचं यांच्या जिवावर येतं.

"बस रे दादा एका जागी," होदाया म्हणाली. "ओफाकीम गावात राहण्याची सूट मिळते, तिथे किती वर्षं राहतोस ते मला ठाऊक आहे. मुलं किती?"

"मुलं मोजत नाहीत."

"यंत्राला आकडा लागतो."

"मग यंत्राने मोजावं. मी नावं सांगतो. तेहिला, यिनोन, रोनी."

होदाया हसली. नजर लागेल म्हणून आमच्या घरात सासूबाईंनी कधी पोरांची संख्या तोंडातून काढली नाही, हाही त्याच वळणाचा. तिने तीन नावं लिहिली, वयं विचारली आणि मान वर न करता घाईघाईने म्हणाली, "समितीच्या शिक्क्याने वेगळ्या शाळेत जाणारं कोणी? त्याची वेगळी सूट असते. हे मी सगळ्यांनाच विचारते हं."

न्हाणीघरात यिनोन टबमध्ये बसला होता. सात वर्षांचा आहे. पाणी सोडलं की तो एकाच सुरात गुणगुणतो, आणि तो सूर बाहेर स्पष्ट ऐकू येत होता.

"नाही," एलियाव म्हणाला.

माझ्या हातातलं झाकण ओट्यावर आपटलं. मुद्दाम आपटलं असंही म्हणा.

यिनोन बोलत नाही. तीन वर्षांचा होता तेव्हा सरकारी समितीने तसं लिहून दिलं आणि तेव्हापासून तो त्याच्यासारख्या मुलांच्या शाळेत जातो. एलियावने घरच्यांना काय सांगितलं? की पोरगा लाजरा आहे, आजोबाही उशिराच बोलले, शाळा लांबची आहे कारण तिथे वर्ग लहान असतात. मग हे खोटं सांभाळायचं कसं? तर यिनोनला कोणासमोर न्यायचंच नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंकडे सगळं घराणं जेवायला जमतं. एलियाव मुलींना घेऊन जातो. यिनोनला ताप असतो आणि माझं डोकं दुखत असतं. चार वर्षं माझं डोकं दर शुक्रवारी न चुकता दुखतंय. सासूबाई माझ्यासाठी डब्यात भरलेल्या मिरच्या पाठवतात आणि मी त्या उभ्याने खाते, कारण दोघांसाठी टेबल मांडावंसं वाटत नाही.

"एकोणीस हजार शेकेल!" होदाया ओरडली. "अंदाज आहे हं, आत्ताच सोफा मागवू नका."

एलियाव सिगारेट घेऊन बाल्कनीत गेला. मी मागोमाग गेले आणि दार लावून घेतलं.

"नाही म्हणालास."

"मग? पैशासाठी पोराचं नाव लावू?"

"पैसा गेला खड्ड्यात. मला तुझ्या आईच्या टेबलावर बसून जेवायचंय, एलियाव. माझ्या मुलाला शेजारी बसवून. मी काय मेले आहे की वाळीत टाकलंय मला?"

"हळू बोल."

"का? खालच्या मजल्यावरच्या मोशेने ऐकलं तर यिनोन बोलायचा थांबेल?"

त्याने सिगारेट पेटवली नाही. बोटात नुसती फिरवत राहिला. "एकदा तोंडातून काढलं ना," तो म्हणाला, "की ते पक्कं होतं. सैतानाला वाट कशाला दाखवायची? उद्या बोलायला लागला तर?"

"तर आपण सगळ्यांना सांगू की बोलायला लागला. पण आज रोज सकाळी त्याची गाडी दारात येते, तिच्यावर शाळेचं नाव आहे. अख्ख्या गल्लीने वाचलंय. एक तुला तेवढं वाचता येत नाही."

हे मी जरा जास्त बोलले. त्याचा चेहरा पडला आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच वाईट वाटलं. मी आत येऊन मासा चुलीवर चढवला.  होदाया लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत नखं कुरतडत होती.

"वहिनी, पाठवू का?" ती हळूच म्हणाली. "एकदा पाठवलं की बदलायला फार कटकट आहे."

"तुझ्या दादाला विचार."

एलियाव आत आला. बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"तो मघाचा प्रश्न," तो म्हणाला. "समितीचा. तिथे हो लिही."

होदायाने त्याच्याकडे पाहिलं. "कोण, दादा?"

तिला माहीत होतं. पण विचारलं तिने, आणि तिने विचारलं म्हणून मी तिच्यावर आजन्म खूश आहे.

"यिनोन. तीन वर्षांचा होता तेव्हापासून." मग जणू तिला कमी ऐकू येत असावं तसं मोठ्याने, "बोलत नाही तो. एक शब्द नाही. कपडे आपल्यालाच घालायला लागतात त्याला. रस्ता समजत नाही." त्याने लॅपटॉपकडे बोट केलं. "तुझं ते यंत्र त्याला काय येतं ते विचारत नाही?"

"नाही रे. तेवढंच विचारतं."

"त्याला गाण्याचा सूर एकदा ऐकून येतो."

"मला ऐकू येतंय ना," होदाया म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती लॅपटॉपची बटणं दाबत होती. आकडा दुपटीच्या वर गेला. तो तिने आम्हाला वाचून दाखवला, पण दोघांपैकी कोणी सोफ्याचं नाव काढलं नाही.

"आईला मी सांगू?" तिने विचारलं.

"नको. संध्याकाळी बघेलच ती." एलियाव माझ्याकडे वळला. "तो मासा आपण तिकडेच घेऊन जाऊ. त्याला टबातून काढ. शब्बातचा पांढरा शर्ट घाल."

मी कपाट उघडलं. पांढरा शर्ट एकच होता, चार वर्षांच्या मुलाच्या मापाचा.