अंजय्याच्या पोरीचं मराठी

१९८३ साली अंधेरीच्या पालिका शाळेत माझ्याकडे पहिलीचा वर्ग आला आणि त्या वर्गानं माझी सगळी मास्तरकी उतरवली. शेजारी मोठमोठ्या इमारती उठत होत्या. त्यांच्या पायथ्याशी पालं टाकून राहणाऱ्या तेलुगू मजुरांची पोरं माझ्यासमोर बसत. मी 'कमळ' म्हटलं की तीही 'कमळ' म्हणत, 'बदक' म्हटलं की 'बदक'. नुसती पोपटपंची! फळ्यावर बोट ठेवून विचारलं की सगळी चिडीचूप.

मी मूळची मालवणची. लहानपणी वर्गात 'मला हवं'च्या जागी 'माका व्हया' म्हटलं, सगळे हसले, आणि त्यानंतर वर्षभर मी तोंड उघडलं नाही. त्यामुळे या पोरांवर ओरडायला माझी जीभ रेटेना.

शेवटी एके दिवशी मी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला आणि नुसत्या भुवया उडवल्या. पुढे बसलेली नरसम्मा म्हणाली, "तल." पाटी दाखवली, "पलक." कोपऱ्यातली पाण्याची घागर दाखवली, "कडव." मी तिन्ही शब्द आपल्या अक्षरांत फळ्यावर लिहिले आणि मोठ्यानं वाचले. माझा उच्चार ऐकून पोरं फिदीफिदी हसली. हसली ती हसली, पण दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे वाचायला रांग लागली. काय दिवस होते ते!

हेडमास्तर सामंतसर दारातून म्हणाले, "नलिनीबाई, पगार आपल्याला मराठी शिकवायचा मिळतो हो."

"मराठीच शिकवतेय सर. जरा मागच्या दारानं."

दिवाळीच्या तोंडावर नरसम्माचा बाप अंजय्या आला. घरात तान्हं मूल होतं, बायकोला कामावर परत जायचं होतं आणि मूल सांभाळायला नरसम्मा हवी होती. "बस हो गया स्कूल," म्हणाला. वर्गातली सगळ्यात तल्लख पोर ती!

"आधी ऐका तरी," म्हणून मी त्याला बसवलं. नरसम्मानं 'कडव' खणखणीत वाचलं. मला वाटलं, बाप विरघळणार. कसलं काय! तो उखडलाच.

"बाई, ये तो हमारी बोली है. इसकी माँ सिखाती. मैं मराठी के वास्ते भेजा! मुकादम क्या बोलता, क्या लिखता, समझना मंगता ना?"

सामंतसर दारात उभे राहून मिशीत हसत होते. मी रागारागानं फळा पुसला. पोरीला येत होती त्यातलीच तीन अक्षरं घेऊन एक शब्द लिहिला. तो मी तिला कधीच शिकवला नव्हता.

नरसम्मा उठली. एकेका अक्षरावर बोट ठेवत पुटपुटली, "प... क... ड..." आणि मग एकदम मोठ्यानं, "पकड!"

अंजय्याचे दोन्ही हात झटकन पुढे आले. दिवसभर खालून फेकलेल्या विटा झेलणारा माणूस तो, मुकादम त्याच्यावर हेच ओरडत असणार. हात तसेच हवेत राहिले. तो फळ्याकडे बघत राहिला, मग पोरीकडे.

"ये तो मुकादम बोलता," तो हळूच म्हणाला. "ये वो खुद पढ़ी?"

"स्वतः वाचलं. आणि बाळाची काळजी सोडा. त्यालाही उद्यापासून इकडेच पाठवा."

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडकीला लुगड्याची झोळी बांधली गेली. बाळ रडलं की झोका द्यायला सामंतसरच पहिले धावत.

मार्चात इमारत पुरी झाली आणि पालं उठली. पुढचं काम चेंबूरला लागलं होतं. डोक्यावर बोचकं, कडेवर बाळ आणि मागे नरसम्मा, असा अंजय्या शाळेच्या दारात आला; बायको सामान घेऊन आधीच पुढे गेली होती. नवी जागा म्हटली की त्याचं सगळंच नवं, पाणी, शेजार, मुकादम. त्यानं मला एकच विचारलं.

"बाई, उधर भी अक्षर येहीच रहता ना?"

"हेच," मी म्हणाले. "कुठलीही शाळा असू दे, हेच."

त्यानं मान हलवली आणि पोरीला पुढे घातलं. ती तिघं वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी होते, आणि मला रडू आवरत नव्हतं.