चादरीवाली

इस्पितळाच्या मोठ्या चादरींची घडी घालायला दोघी लागतात, समोरासमोर उभ्या, प्रत्येकीच्या हातात दोन टोकं. त्या काळी आमच्या लॉन्ड्रीत गोऱ्या बायकांचं जेवायचं टेबल वेगळं, नळ वेगळा, दारसुद्धा वेगळं. पण चादरीपुढे मुकादमाचं काही चाललं नाही. आम्ही दोघीच ताडमाड उंच, म्हणून त्याने मला, काळीला, एका गोरीसमोर उभं केलं. अकरा वर्षं आम्ही चादरी झटकल्या आणि त्यांच्या आड पोट धरधरून हसलो. माझ्या नाकावर सदा राग, म्हणून ती मला मिरची म्हणायची. मी तिला बाईसाहेब म्हणून चिडवायचे.

मग तिच्या छातीत गाठ निघाली आणि बाईसाहेब गोऱ्यांच्या वॉर्डात जाऊन पडली. तिथे आम्हाला मज्जाव. फक्त गुरुवारी चादरी बदलणारीला आत सोडायचे. मुकादमाच्या हातापाया पडून मी ते काम मागून घेतलं. तीन गुरुवार तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवताना पोटभर बोलून घेतलं.

चौथ्या गुरुवारी तिची नणंद उशाशी बसली होती.

"वहिनी, ही कोण? फारच सलगी दिसते."

"कोणी नाही गं," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "चादरीवाली आहे."

खरं सांगितलं असतं तर मला पुन्हा आत घेतलं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण माझं डोकं फिरलं. अकरा वर्षांनंतर मी कोणी नाही? पुढच्या गुरुवारी मी दुसरीला पाठवलं. त्याच्या पुढच्याही. म्हटलं, बघू दे जरा वाट. सोमवारी ती गेली.

आठवड्याने नणंद तिचं सामान न्यायला लॉन्ड्रीत आली. माझ्याकडे बघूनही तिने मला ओळखलं नाही. मुकादमाला सांगत होती, "शेवटी फार हट्टी झाली हो वहिनी. सारखं एकच, चादर बदला, चादरीवालीला बोलवा. दुसरी आली की तोंड फिरवायची. नर्सने दिवसातून तीनतीनदा बदलली, तरी रडायची. काय हवं होतं तिला, देव जाणे."

मला ठाऊक होतं. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते, आणि तेव्हाही मी कोणी आहे असं म्हणाले नाही.