दाणा टाकणारा हात

"डबा वाजवून धरल्यास? माझा दाण्याचा डबा वाजवून?"

ताईचा आवाज खिडकीतून अंगणात आला आणि भाचा होता तिथेच थांबला. त्याच्या दोन्ही हातांत एकेक कोंबडी पाय वर, डोकं खाली अशी लटकत होती. फाटकाशी जाळीवाला उभा होता. मोटारसायकलच्या मागे तारेची जाळी बांधून तो गावोगाव कोंबड्या विकत घेत फिरायचा, म्हणून सगळे त्याला जाळीवालाच म्हणत.

"मग काय, पत्र पाठवून बोलवायचं होतं त्यांना?" भाचा म्हणाला.

"सुताराला बोलवायचं होतंस. आत गेल्यावर, दार लावून. मी उभ्या जन्मात डबा वाजवून एक कोंबडी धरली नाही."

"आई, तीन वाफे उकरलेत तुझ्या लाडक्यांनी. कांद्याचं रोप बोटभर वर आलं होतं. आता काय, नुसत्या मातीला कांदे लागायची वाट बघू?"

"रोपाचं मला कळतं. विकायच्या तर वीक. पण तू डब्याला खोटं पाडलंस. आता बघच."

भाच्याने दोन्ही कोंबड्या जाळीत कोंबल्या. मी ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो. अशा वेळी मी पान उलटतो.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. माळ्याच्या शिडीवरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून दोन महिने ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. मी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली, आणि नोकरी संपल्यावर दोन ट्रंका पुस्तकं घेऊन तिच्याकडे राहायला आलो. गाव मला पुस्तकमामा म्हणतं. त्या घरात मी असा राहायचो, की दुसरा कप चहा मागायचा तरी वाक्य मनात दोनदा तपासून घ्यायचो आणि बहुतेक वेळा तिसऱ्यांदा रद्द करायचो.

त्या घराची कोंबड्यांच्या बाबतीत एक रीत होती. ताईने घातलेली. दाणा टाकणाऱ्या हाताने कोंबडी धरायची नाही. विकायची असो, कापायची असो, नाहीतर औषध पाजायचं असो, ते काम शेजारच्या सुताराचं. ताई आत जाऊन बसायची, सुतार यायचा, खुराड्यातून हवी ती कोंबडी काढून न्यायचा. त्यामुळे कोंबड्या सुताराला बघून पळायच्या आणि ताईच्या पायांत घोटाळायच्या. मला ही रीत उगाच लाड वाटायची. म्हणजे मनातल्या मनात.

त्या दिवशी अकरातल्या दोन गेल्या आणि उरलेल्या नऊ तुतीच्या झाडावर चढून बसल्या. सुनेने दिवस मावळताना डबा वाजवला. डबा वाजला की फांदीवर एकेक माना उंच व्हायच्या आणि त्या आणखी वर सरकायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली पिसं पडलेली दिसली. रानमांजर येऊन गेलं होतं. आठ उरल्या.

"असंच एकेक जाणार," सून म्हणाली. "मामा, आईंनी सकाळपासून ताटाला हात लावलेला नाही. तुम्ही तरी सांगा."

मी आत गेलो. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. खिडकीकडे पाठ करून पडलेली ती मी प्रथमच बघितली.

"ताई, जेव थोडं."

"त्यांना खाली आण, मग जेवते."

"मी? अगं, मला भीती वाटते त्यांची. चोच मारतात."

"म्हणूनच तू." ती माझ्याकडे वळली. "तू कोणाला धरशील असं कोंबडीलासुद्धा वाटणार नाही."

हे कौतुक होतं की काय, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आधी मी व्हायची ती चूक केली. डबाच घेऊन गेलो. मला वाटलं, मी वाजवला तर फरक पडेल. डबा वाजताच तुतीवर असा कालवा उठला, की शेजारचा सुतार रंधा हातात घेऊनच धावत आला. मग मी ट्रंकेतून कोंबडीपालनाचं एक जुनं पुस्तक शोधून काढलं. त्यात जाती होत्या, रोग होते, अंड्यांची वजनं होती. एकदा दगा दिल्यावर माफी कशी मागावी यावर एक ओळ नव्हती.

"ठेव ते पुस्तक," ताई खिडकीतून म्हणाली. "नाही, ठेवू नको. तेच घेऊन बस. पाटावर बस, उभा राहू नको. मक्याचे दाणे दहा पावलांवर टाक आणि त्यांच्याकडे बघू नको. पुस्तकात बघ. तुला तेवढं नक्की जमतं."

मी बसलो. दिवसातून दोनदा, सकाळी आणि उन्हं कलल्यावर. पश्चिमेचा कोरडा वारा अंगणातली माती उचलून डोळ्यांत घालायचा. हात मांडीवर, मान खाली. पान उलटलं तरी त्या फडफड करत पळायच्या, म्हणून मी एकेक पान चार-चारदा वाचलं. पाच दिवस दाणे चिमण्यांनी खाल्ले. जाता-येता भाचा म्हणायचा, "मामा, कोंबड्या नाही तर नाही, चिमण्या तरी गुबगुबीत झाल्या."

सहाव्या दिवशी कंटाळून मी मोठ्याने वाचायला लागलो. चाळीस वर्षांची सवय अशी, की मला मोठ्याने वाचायचं म्हणजे छापखान्यासारखंच वाचता येतं. तिथे एकजण मूळ कागद वाचतो आणि दुसरा छापलेला तपासतो, म्हणून वाचणाऱ्याला खुणासुद्धा बोलाव्या लागतात. तसं मी सुरू केलं. "कोंबडीला स्वच्छ पाणी, स्वल्पविराम, कोरडी जागा, स्वल्पविराम, आणि मोकळी हवा लागते, पूर्णविराम." आणि पूर्णविराम म्हणताना, का कोण जाणे, चिमूटभर मका पुढे टाकला.

ताई खिडकीत हसली. "हे चांगलंय. हेच कर. डब्याहून बरं."

पहिल्यांदा लंगडी आली. तिचा एक पाय पिल्लू असताना दारात चिरडला होता. ती पळण्यात सगळ्यांत कच्ची, तरी तीच आधी खाली आली, याचं मला नवल वाटलं. आठ पावलांवर थांबली. मग सहा. मी न बघता बघत होतो. तिच्या मागून ठाणेदारीण उतरली, तांबडी, मानेवर पिसं नसलेली, इतरांच्या डोक्यावर चोच ठेवून कारभार करणारी. दोन आठवड्यांत सगळ्या आठ पूर्णविरामाला मान वर करून थांबायला लागल्या. वाक्य लांबलं की ठाणेदारीण अस्वस्थ व्हायची. मी मोठी वाक्यं तोडून लहान करायला लागलो. छापखान्यात कोणत्याही लेखकाने माझं एवढं ऐकलं नव्हतं.

पण रात्री त्या झाडावरच जायच्या. आणि मी हात पुढे केला नव्हता. मी विचारलं होतं, "हातावर दाणे ठेवून बघू का?"

"हात नको," ताई म्हणाली. "हाताचीच भीती बसलीय त्यांना. त्यांना यायचं असेल तेव्हा येतील."

मग एका दुपारी वारा फिरला आणि बारीक भुरभुर सुरू झाली. अंगणातल्या धुळीवर आधी ठिपके उठले, मग ती काळी पडत चिकट झाली. मी छत्री उघडली तशा कोंबड्या दूर पळाल्या. मला वाटलं, झालं, तीन आठवडे पाण्यात. उठावं म्हणून मी गुडघ्यावर हात टेकला.

"उठू नको!" ताई ओरडली.

मी बसून राहिलो. वाचत राहिलो. अक्षरं ओली होऊन फुगायला लागली. आणि लंगडी पाय ओढत आली ती थेट छत्रीखाली, माझ्या पायाच्या अंगठ्याला लागून बसली. तिची ऊब मला चपलेच्या पट्ट्यातून लागली. मग दुसरी आली. मग ठाणेदारीण, जणू पाहणी करायला आल्यासारखी. मी छत्री हळूहळू पुढे सरकवली, त्यांच्यावर. माझी पाठ चिंब भिजली. त्या ओल्या पिसांचा वास मला आधी सहन व्हायचा नाही. त्या दिवशी मी तो नाकभर घेतला.

तासाभराने मी उठलो आणि छत्री खाली धरून खुराड्याकडे पावलापावलाने चालायला लागलो, वाचत, पूर्णविराम टाकत. आठही जणी मागून आल्या आणि आत गेल्या. मी आगळ लावली. मला त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की माझ्या हातून आयुष्यात एवढंच एक काम बिनचूक झालं.

पुढच्या आठवड्यात खुराड्यात अंडी सापडायला लागली. ताई उशीला टेकून बसायला लागली. गरम अंडं दोन्ही हातांत धरून बसायची आणि सुनेला म्हणायची, "दे गं ताट, भूक लागलीय."

हे सगळं भाचा बघत होता. तो वाईट नाही, हे मला सांगितलं पाहिजे. उन्हात राबून त्याने वाफे नव्याने केले होते, माती चाळून, खत मिसळून, पिठासारखी मऊ. कोंबड्यांना तशीच माती लागते. त्याने काट्यांचं कुंपण घातलं, त्यातून त्या घुसल्या. एका संध्याकाळी तो माझ्या पाटाजवळ येऊन उकिडवा बसला.

"मामा, तुम्ही तर काम सोपं केलंत. तुमच्या मागे आंधळ्यासारख्या येतात. परवा जाळीवाल्याला बोलावतो. तुम्ही फक्त तुमचं ते पूर्णविराम म्हणा."

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मलाही माहीत नव्हतं.

"काय म्हणाला?" ताईने विचारलं. मी सांगितलं.

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे हो."

"ताई, घर त्याचं आहे. मी इथे..."

"घर त्याचं. वाफे त्याचे. मीसुद्धा आता त्याच्या खांद्यावर. सगळं मान्य." तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "पण त्या झाडावरून कोणाच्या शब्दावर उतरल्या रे?"

दोन दिवस मी वाक्यं जुळवली. "मला वाटतं की." "शक्य असेल तर." "तुझ्या म्हणण्यातही तथ्य आहे, परंतु." एकही छापण्यालायक नव्हतं.

जाळीवाला सकाळी आला तेव्हा खुराडं उघडून झालं होतं. रिकामी जाळी खाली ठेवून त्याने तिचं दार उघडलं. कोंबड्या अंगणाच्या टोकाला माती उडवत होत्या.

"हं, मामा," भाचा म्हणाला.

मी पाटावर बसलो नाही. उभाच राहिलो, तोंड मिटून.

"मामा, म्हणा की."

मग भाच्याने स्वतःच मूठभर मका घेतला आणि पुढे होऊन ओरडला, "पूर्णविराम! ए, पूर्णविराम! या, या, पूर्णविराम!"

ठाणेदारीण एक पाय उचलून त्याच्याकडे बघत राहिली. बाकीच्या काटेकुंपणाकडे सरकल्या.

"काय ओरडतोयस रे?" जाळीवाला म्हणाला. "कोंबड्या बोलावतोयस का शाळा सोडतोयस?"

सून पदर तोंडाला लावून आत पळाली. भाच्याचे कान लाल झाले. "मामा! चेष्टा नका करू. माणूस खोळंबलाय."

"मी बोलावणार नाही," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही. बारीक होता, पण तुटला नाही.

"का?"

"माझ्या शब्दावर त्या खाली आल्या. मी तो खोटा पाडणार नाही. विकायच्या असतील तर वीक. पण माझ्या तोंडाने नाही."

एवढ्यात जे नको होतं तेच झालं. मी न बोलावता लंगडी निघाली. पाय ओढत, सगळं अंगण पार करत, नेहमीच्या वेळेला नेहमीच्या माणसाकडे. तिला हाकलावं असं मनात आलं. एक पाय आपटला असता तर ती वाचली असती आणि पुन्हा कधी आली नसती. माझ्याने पाय उचलवला नाही. ती येऊन माझ्या चपलेवर बसली.

"घ्या, आलीच की," जाळीवाला म्हणाला. "वाका आणि धरा."

मी वाकलो नाही. भाचा वाकला. त्याचा हात पुढे आला तसा मी अर्धं पाऊल सरकून तिच्यासमोर उभा राहिलो आणि त्याचा हात माझ्या नडगीवर आपटला. तो दुसऱ्या बाजूने आला. मी तिकडे वळलो. लंगडी माझ्या दोन्ही पायांच्या मध्ये दबून बसली होती.

"मामा, बाजूला व्हा."

"नाही."

"मामा, मी शेवटचं सांगतोय."

"तुला तिला धरायचं असेल तर आधी मला उचलून बाजूला ठेव. मी फार जड नाही."

भाचा उकिडवाच राहिला. मला उचलणं त्याला दोन शेणाच्या पाट्यांएवढंसुद्धा अवघड नव्हतं. पण लहानपणी याच भाच्याला मी खांद्यावर घेऊन शेतभर फिरवलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही त्याच वेळी आठवलं असावं.

जाळीवाल्याने जाळीचं दार लावलं. "तुमचं आधी घरात ठरवा बाबांनो. मला अजून चार गावं करायचीत." त्याने जाळी मागे बांधली आणि गाडीला लाथ मारली. आवाज लांब गेल्यावर भाचा उठला. गुडघ्यांची माती झटकली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "राहू देत. पण उद्यापासून वाफ्यांवर राखण तुमची. उजाडल्यापासून उन्हं उतरेपर्यंत. ऊन असो, वारा असो. आणि एक जरी रोप उकरलं गेलं ना मामा, तर..."

"तर?" मी विचारलं.

छापखान्याचा मालक "नाहीतर" म्हणाला, की मी चाळीस वर्षं तिथेच मान खाली घालत आलो होतो. त्याच्यापुढे काय येतं, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. लंगडी चिडून माझी पोटरी टोचायला लागली. पण मला खरंच ऐकायचं होतं.

भाचा इकडेतिकडे फावडं शोधायला लागला.

"अरे, मामा काहीतरी विचारतोय तुला," खिडकीतून ताई म्हणाली. "सांग की."

तो फावडं उचलून वाफ्यांकडे गेला. मी उत्तराची वाट बघत तिथेच उभा राहिलो.